सातपैकी चार

पहिला सामना आम्ही जिंकलो त्या रात्री
फोंड्याच्या बंदिस्त स्टेडियमबाहेर
लोकांनी माझ्या भाच्याला खांद्यावर घेतलं.
सहा फूट तीन इंच. उचलणारे वाकले.
पहाटे गावात पोदेराने
पाव संपल्यावरही भोंगा वाजवत दोन फेऱ्या मारल्या.
मी मात्र भिंतीवरचा तक्ता वाचून आलो होतो:
अंतिम फेरी, सातपैकी चार.

मी एकेकाळी गोली होतो,
कुंभारजुव्याच्या सातेरी क्लबचा.
अठ्ठ्याऐंशी साली वास्कोच्या पगारी अकरांशी
आमची गाठ पडली. बाद फेरी, एकच सामना.
आमच्यातले दोघे फेरीबोटीवर दोर टाकायचे,
एक शिंपी, आणि स्टॉपर तर चष्मा काढून खेळायचा.
एकोणतीस वेळा त्यांनी चेंडू मारला:
खांब, गुडघा, माझा कान, पुन्हा खांब,
एकदा जाळीमागे चरणारी म्हैस.
ऐंशीव्या मिनिटाला इनास फुर्तादचा उंच चेंडू
वाऱ्यावर वळला आणि आत गेला.
एक-शून्य.
इनास मरेपर्यंत सांगत राहिला, ठरवून मारला.

बास्केटबॉलला वारा नसतो.
छत आहे, खिडक्या वरच्या वर बंद,
आणि अर्ध्या मिनिटाला चेंडू कुठल्यातरी जाळीतून पडतो.
एक टोपली थापा मारते.
ऐंशी टोपल्या एका सुरात थापा मारत नाहीत.
शिवाय एका रात्रीने भागत नाही म्हणून
दुसरी रात्र, तिसरी रात्र,
मध्ये एक दिवस विश्रांती, पुन्हा रात्र.

दुसरा सामना चारने हरलो. तिसरा अकराने.
चौथ्यात प्रज्योतने एकट्याने चौतीस गुण केले,
माझी बहीण टीव्हीसमोर उभीच,
चुलीवरचं हुमण करपलं,
आणि आम्ही सहाने हरलो.
पाचव्याचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर आला,
बूट हातात, पाय चिखलात.
"मामा, पहिल्या दिवशी आम्हीच सरस होतो ना?"

ओहोटी होती. मानशीची दारं उघडी,
खाजनातलं पाणी निवांत बाहेर चाललेलं.
मी त्याला बांधातलं एक बीळ दाखवलं,
खेकड्याचं, करंगळीएवढं.
म्हटलं, एखाद्या भरतीला हे सापडतच नाही.
गवत धरतं, चिखल धरतो, वारा उलटा असतो,
बांध छाती काढून उभा.
आणि पाणी तरी कुठे फार जोर लावतं?
त्याला फक्त पुन्हा येऊ द्यावं लागतं.
चौथ्या-पाचव्या भरतीला
करंगळीची मूठ होते, मुठीची घागर,
आणि सकाळी भातात खारं पाणी.

"म्हणजे तेच चांगले."
"थोडेसे," मी म्हटलं.
"थोडेसे म्हणजे किती?"
"एका रात्री दिसणार नाही इतके."

तो बराच वेळ बोलला नाही.
पलीकडून फेरी सुटली, तिच्यावर एक स्कूटर आणि एक वासरू.
मला वाटलं, सात सामने ठेवणाऱ्यांना शिवी द्यावी,
पण त्यांनी काही चोरलेलं नव्हतं.
त्यांनी नीट मोजलं. तेच लागतं मनाला.

मग त्याने विचारलंच:
"अठ्ठ्याऐंशीला सात सामने असते तर?"

छत्तीस वर्षं मी जे कोणाला सांगितलं नाही,
इनासच्या बायकोला नाही, त्याच्या मयताला नाही,
ते सांगितलं:
"तो क्रॉस होता रे. पेद्रूच्या डोक्यासाठी.
पेद्रू घसरून पडला होता."

प्रज्योत हसला. पाच सामन्यांनंतर पहिल्यांदा.
मग वाकून त्याने ओंजळभर चिखल उचलला,
बिळात कोंबला, वर टाच दाबली.
पुन्हा एक ओंजळ. पुन्हा टाच.
मी सवयीने मोजत होतो.
भरतीला दोन तास होते.